सुखाचे माप कसे घ्यावे?

अंगातील ताप पारा सांगतो आणि कापसाचे वजन काटा सांगतो. परंतु मूल शाळेत सुखी आहे की नाही, हे कोणत्या मापाने मोजावे? आमच्या खानदेशात ह्या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे अनुसूचित जमातींची वस्ती नंदुरबार जिल्ह्यात शेकडा ६९, धुळ्यात सुमारे ३२ व जळगावात १४ होती. त्यामुळे एकाच बाकावर पावरा, भिल्ल, कोकणा, मावची किंवा तडवी मूल आणि अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारे मूल शेजारी बसते.

मापे दोन प्रसिद्ध आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९६५ साली एक शिडी मांडली. तळाशी शून्य म्हणजे वाईटात वाईट आयुष्य, माथ्यावर दहा म्हणजे उत्तमात उत्तम. आपण कोणत्या पायरीवर आहो ते सांगावयाचे. दुसरे माप जागतिक आरोग्य संघटनेचे, १९९८ चे. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होते काय, शांत होते काय, अंगी हुशारी होती काय, झोपेतून उठताना ताजेतवाने वाटले काय, दिवस गोडीचा गेला काय, अशी पाच वाक्ये. प्रत्येकास शून्य ते पाच गुण. बेरजेस चारांनी गुणावे. कोणाचे गुण ३, २, ४, १, ३ असले तर बेरीज १३ व माप शंभरांपैकी ५२.

हिशेब सोपा आहे, आणि आम्ही फसलो ते त्यामुळेच. एकदा नववीच्या वर्गात आम्ही फळ्यावर शिडी काढली. वसतिगृहात राहणारा एक पावरा मुलगा उठून म्हणाला, "सर, इथली पायरी सांगू का घरची?" वर्ग हसला. आम्हीही उतावीळपणे म्हटले, "एकच आकडा लिही." त्याने पाच लिहिला. पुढे होळीच्या सुटीआधी आम्ही त्यास जवळ बसवून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "घरी आठ, इथं दोन." त्याचा पाच हा आकडा कोणत्याच ठिकाणचा नव्हता! शेजारच्या मुलानेही पाचच लिहिले होते. त्याचे कारण बीजगणिताची धास्ती. आम्ही मात्र दोघांस समान सुखी धरून बसलो होतो.

पूर्वी शेर गावोगाव निराळा असे. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, त्याला हेही एक कारण होते. प्रश्नाच्या शब्दांचेही तसेच आहे. 'ताजेतवाने' हा शब्द पावरी बोलणाऱ्या मुलास पुस्तकी वाटला, तर त्याच्या उत्तरात सुख मोजले जात नाही, मराठी मोजली जाते. म्हणून वाक्य पावरीत करावे, दुसऱ्याकडून ते परत मराठीत करवून मुळाशी ताडावे, आणि मग मुलांसच विचारावे की, बाळांनो, तुम्हांस काय समजले? वहीवर नाव नसावे. गुरुजींपुढे 'बरे नाही' म्हणण्यास मूल संकोचते.

तुलनेतही एक खोच आहे. आदिवासी मूल वसतिगृहातले आणि दुसरे आईच्या हातची भाकरी खाऊन आलेले, असे दोघांचे आकडे शेजारी मांडले, तर जो फरक आईच्या अंतराचा तो जमातीच्या माथी मारला जातो. वसतिगृहातल्या मुलाची तुलना वसतिगृहातल्याच मुलाशी करावी.

पालकहो, ताजेपणाचा गुण वारंवार एक-शून्यावर राहिला, तर त्यास आळस म्हणू नका. सातपुड्यातील भिल्ल व पावरा वस्तीत सिकलसेल नावाचा रक्तदोष आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त कमी होते, सांधे दुखतात. १९१० साली शिकागोचे डॉक्टर हेरिक यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. भारतात तो १९५२ साली नीलगिरीत ओळखला गेला. आईबापांकडून दोन्ही अंश आले तर मूल आजारी पडते. एकच आला तर बहुधा त्रास नसतो. २०२३ पासून ह्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. रक्ततपासणीस मुलास अवश्य न्यावे.

आता आम्ही फळ्यावर दोन शिड्या काढतो, एक घरची व एक शाळेची. गावातल्या मुलांनीही दुसरी शिडी मागून घेतली. त्यांतल्या कित्येकांची घरची पायरी खालची निघाली, हे आम्हांस ठाऊक नव्हते.