संगणकाची खातेवही : आधी प्रत, मग नोंद

नवी दिल्लीच्या नैर्ऋत्येस, विमानतळाच्या पलीकडे, द्वारका नावाचे उपनगर आहे. मराठी वाचकाला द्वारका म्हटले की सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील श्रीकृष्णनगरी आठवते. ही द्वारका मात्र दिल्ली विकास प्राधिकरणाने पप्पनकलां या जुन्या गावाच्या परिसरात वसवलेली. तिच्या सेक्टर १६-सी मध्ये २०१९ साली दिल्ली पोलिसांचे ‘सायपॅड’ हे सायबर गुन्हेविषयक केंद्र आणि त्याच्या जोडीला राष्ट्रीय सायबर न्यायवैद्यक प्रयोगशाळा सुरू झाली. संगणकावरून झालेल्या फसवणुकीचे धागे अशा प्रयोगशाळांमध्ये उलगडले जातात.

जप्त केलेला संगणक प्रयोगशाळेत आला की तज्ज्ञ तो थेट सुरू करीत नाहीत. सुरू होताच विंडोज प्रणाली शेकडो ठिकाणी नव्या नोंदी करू लागते आणि जुन्या खुणा पुसल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून हार्ड डिस्कवर काहीही लिहिले जाणार नाही अशा व्यवस्थेत तिची हुबेहूब प्रत काढली जाते. मूळ आणि प्रत यांचे ‘हॅश मूल्य’, म्हणजे गणिताने काढलेली ओळखखूण, ताडून पाहिले जाते आणि पुढचे सारे काम प्रतीवर होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही हे मूल्य नमूद करावे लागते. बँक कर्मचाऱ्यांना ही रीत नवखी वाटू नये. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्टमुळे खातेवहीतील नोंदीची प्रमाणित प्रत न्यायालयात पुरावा म्हणून चालते आणि मूळ वही बँकेतच सुरक्षित राहते.

संगणकाच्या बाबतीत ज्या वहीकडे तज्ज्ञ आवर्जून वळतात, तिचे नाव ‘रजिस्ट्री’. विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक संगणकात ती असते आणि घरच्या संगणकात ती हाताळताना प्रयोगशाळेची हीच शिस्त उपयोगी पडते.

रजिस्ट्री म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या मांडणीच्या नोंदी स्वतंत्र, विखुरलेल्या फाइलींत ठेवीत असे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीचे एक लहानसे रूप आले आणि विंडोज ९५ पासून घरगुती संगणकाचा बहुतेक हिशेब या एकाच ठिकाणी लिहिला जाऊ लागला. कोणता प्रिंटर जोडला आहे, कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडावी, संगणक सुरू होताच आपोआप काय चालू व्हावे, हे सर्व तेथे असते. ही वही एकसंध फाइल नव्हे. तिचे मुख्य भाग विंडोज फोल्डरमधील ‘सिस्टिम ३२’ आणि त्यातील ‘कॉन्फिग’ या फोल्डरमध्ये असतात, तर प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतंत्र भाग त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये लपवलेला असतो. या फाइलींना थेट हात लावायचा नसतो. त्यासाठी ‘रजिस्ट्री एडिटर’ हे साधन विंडोजबरोबरच येते.

ते उघडण्यासाठी विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ ही कळ एकत्र दाबावी. समोर येणाऱ्या छोट्या चौकटीत आर, ई, जी, ई, डी, आय, टी ही इंग्रजी अक्षरे सलग टंकून एंटर दाबावे आणि परवानगी विचारल्यास द्यावी. डावीकडे झाडाच्या फांद्यांप्रमाणे कप्पे दिसतात, उजवीकडे निवडलेल्या कप्प्यातील नोंदी. मूळ शाखा पाच. त्यांपैकी ‘करंट यूजर’ ही शाखा केवळ सध्या काम करणाऱ्या व्यक्तीपुरती असते, तर ‘लोकल मशीन’ संपूर्ण संगणकापुरती. नवशिक्याने पहिल्या शाखेपलीकडे जाऊच नये, हे उत्तम. एखादी नोंद शोधण्यासाठी कंट्रोल आणि ‘एफ’ या कळा एकत्र दाबाव्यात. पुढची जुळणारी नोंद ‘एफ ३’ने मिळते. मात्र एकाच नावाच्या नोंदी अनेक कप्प्यांत असतात. म्हणून बदल करण्यापूर्वी कप्प्याचा पूर्ण मार्ग अक्षरशः ताडून पाहावा.

या साधनाचा एक गुणधर्म पुष्कळांना ठाऊक नसतो. येथे बदल ‘सेव्ह’ करावा लागत नाही, तो केल्या क्षणी लागू होतो, आणि ‘अनडू’ची सोयही नाही. लेखापाल चुकलेली नोंद उलट नोंदीने दुरुस्त करतो, पण त्यासाठी मूळ आकडा ठाऊक असावा लागतो. तो आकडा जपून ठेवणे म्हणजेच बॅकअप.

प्रत कशी घ्यावी?

दोन प्रती घ्याव्यात. पहिली संपूर्ण प्रणालीची. स्टार्ट मेनूच्या शोधपट्टीत ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ असे टंकून येणाऱ्या चौकटीत, विंडोज असलेल्या ड्राइव्हसमोर संरक्षण चालू आहे का ते पाहावे. पुष्कळ संगणकांवर ते बंदच असते. चालू करून ‘क्रिएट’ दाबले की त्या दिवसाची स्थिती नोंदली जाते. रजिस्ट्रीची प्रत विंडोज स्वतःच राखून ठेवते, असा जुन्या वापरकर्त्यांचा समज आहे. तो एके काळी खरा होता, पण २०१८ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती आपोआप घेतली जाणारी प्रत बंद करण्यात आली.

दुसरी प्रत नेमक्या कप्प्याची. तो कप्पा निवडून ‘फाइल’ मेनूतील ‘एक्सपोर्ट’ निवडावे, खाली ‘सिलेक्टेड ब्रँच’ असल्याची खात्री करावी आणि दिनांकासह नाव देऊन फाइल पेन ड्राइव्हवर ठेवावी. येथे एक बारकावा आहे. ही फाइल परत आणली की जुन्या नोंदींची मूल्ये पूर्ववत होतात, पण मधल्या काळात नव्याने घातलेली नोंद पुसली जात नाही. ती हाताने काढावी लागते. म्हणून काय बदलले आणि काय नव्याने घातले, हे कागदावर लिहून ठेवावे. शंभर रुपयांच्या वहीने येथे हजारोंची दुरुस्ती वाचते.

सरावासाठी एक निरुपद्रवी उदाहरण पुरे. ‘करंट यूजर’मधील ‘कंट्रोल पॅनल’ आणि त्यातील ‘डेस्कटॉप’ या कप्प्यात ‘मेनू शो डिले’ ही नोंद असते. तिचे नेहमीचे मूल्य ४००, म्हणजे उपमेनू उघडण्यापूर्वीचे ४०० मिलिसेकंद. कप्प्याची प्रत घेऊन त्या नोंदीवर दोनदा क्लिक करावे, २०० लिहावे, साइन आउट करून पुन्हा यावे. मग प्रतीच्या फाइलवर दोनदा क्लिक करून ४०० परत आले का ते पाहावे. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये, ती परत लावता येते का हे कामाची वेळ येण्यापूर्वी पाहिलेले बरे. अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या अशा फाइलवर मात्र कधीही दोनदा क्लिक करू नये, कारण एका होकारात तिच्यातील सर्व नोंदी रजिस्ट्रीत शिरतात. आत काय आहे ते नोटपॅडमध्ये वाचता येते.

चुकीच्या बदलाने संगणक सुरूच झाला नाही, तर विंडोजच्या दुरुस्ती पडद्यावरून ‘सिस्टिम रिस्टोअर’ निवडता येते. डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असल्यास तेथे ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक विचारला जातो. तो त्याच संगणकात साठवलेला असेल तर निरुपयोगी. शाखेतील संगणकांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या रजिस्ट्रीत बदल करण्याचा अधिकार माहिती तंत्रज्ञान विभागाचा, आणि तेथे वरील सरावही करू नये.

‘सफाई’चा सापळा

रजिस्ट्री ‘स्वच्छ’ करून संगणक वेगवान करण्याचे आश्वासन देणारे प्रोग्रॅम बाजारात पुष्कळ आहेत. अशा साधनांच्या वापराला आपण पाठिंबा देत नाही, ही मायक्रोसॉफ्टची जाहीर भूमिका आहे. काही निरुपयोगी नोंदी उरल्याने संगणक फारसा मंदावत नाही, पण एक आवश्यक नोंद गेल्याने तो बंद पडू शकतो.

यापेक्षा गंभीर प्रकार दूरध्वनीवरून होतो. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ असे सांगणारी व्यक्ती दूरनियंत्रणाचा प्रोग्रॅम बसवायला लावते, रजिस्ट्रीतील किंवा ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील नेहमीच्याच नोंदी दोष म्हणून दाखवते आणि घाबरलेल्या ग्राहकाला पैसे भरायला लावते. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींनंतर दिल्लीलगतच्या गुरुग्राम व नोएडा येथे पोलिसांनी अशा १६ बनावट केंद्रांवर छापे घातले होते.

असे घडल्यास संगणकाचे इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. घाईने ‘सफाई’ करू नये किंवा विंडोज नव्याने बसवू नये. संगणकाशी कोणता पेन ड्राइव्ह जोडला गेला, कोणता प्रोग्रॅम बसवला गेला, सुरुवातीलाच चालू होण्यासाठी काय घुसवले गेले, याच्या खुणा रजिस्ट्रीत राहतात. प्रत्येक कप्पा शेवटचा केव्हा बदलला गेला, ती वेळही प्रणाली नोंदवून ठेवते. रजिस्ट्री एडिटरच्या पडद्यावर ती दिसत नाही, पण एक्सपोर्ट करताना साध्या मजकुराचा प्रकार निवडला की प्रत्येक कप्प्याच्या नावाखाली छापून येते. तपास अधिकाऱ्याला हवी असते ती हीच ओळ.