‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारलं की सगळे गप्प

प्रश्न : चाकणच्या आमच्या कारखान्यात नेदरलँड्सहून नवे मॅनेजर आलेत. मीटिंगमध्ये ते ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारतात आणि सगळे खाली बघतात. आधीचे साहेब चारचौघांत झापायचे. पण आईला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा त्यांनीच गाडी पाठवली. त्यांच्यासाठी लोक डबल ड्यूटी करायचे. आपल्याकडे कडक साहेबच लागतो का? — एक सुपरवायझर

उत्तर : आधी त्या गप्प बसण्याविषयी. गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने १९६७ ते १९७३ या काळातली आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासली. कंपनी एकच, म्हणून देशादेशांतला फरक उठून दिसला. वरिष्ठ आणि आपण यांच्यातलं अंतर हाताखालची माणसं किती सहज मान्य करतात, याचा आकडा त्याने काढला. भारत ७७, नेदरलँड्स ३८, डेन्मार्क १८. हे सरासरीचे आकडे आहेत; त्यावरून एकेका माणसाला जोखू नये. पण तुमच्या मीटिंगमधलं कोडं त्यातून थोडं उलगडतं. डच माणसाला तो प्रश्न कामाचा वाटतो, आपल्याला तो परीक्षेचा वाटतो. सगळ्यांदेखत चुकलो तर?

आता कडक साहेबाचं. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की, इथे माया आणि काम यांची सांगड घालणारा साहेब चालतो. तो घरची विचारपूस करतो, पण पाठीवर हात ठेवतो तो काम चोख झाल्यावर. माणूस कामात तयार झाला, की हळूहळू त्याचा सल्ला घेऊ लागतो. हा क्रम फार मोलाचा आहे. तुमचे लोक डबल ड्यूटी करायचे ते त्या गाडीसाठी, झापण्यासाठी नव्हे, असं मला मनापासून वाटतं. दुर्दैवाने साहेबाच्या खुर्चीत बसलेले पुष्कळजण झापणं तेवढं उचलतात.

नव्या मॅनेजरांना जपानी ‘नेमावाशी’ सांगून बघा. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करतात, त्याला हा मूळ शब्द. तिथल्या कंपन्यांत मीटिंगआधी एकेकाला गाठून बोलून घेण्यालाही तेच म्हणतात. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्यांना तुमच्याबरोबर मशीनपाशी न्या. मीटिंगमध्ये मान खाली घालणारा ऑपरेटर तिथे हाउसिंगवर तळहात ठेवून सांगेल, “साहेब, हे बेअरिंग तापतंय.”