सास्तूरची घागर

घाटनांदूर, 28 सप्टेंबर 2025

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल स्टँडवर माजलगावकडून आलेला ट्रकवाला म्हणाला, "तुमचा भाचा कमरेला दोर बांधून सिंदफणेच्या पुरात उतरला होता." चहा तसाच टाकून घरी आलो. ताईला बोललो नाही. नवरात्राचा उपास आहे तिचा, ऐकलं तर पाणीही सोडेल. तुझा फोन लागेना, म्हणून त्याच ट्रकवाल्याजवळ ही चिठ्ठी देतोय.

अरे, तू पोहायला शिकलास ते आपल्या विहिरीत. पुराच्या पाण्याला ओढ असते. गच्च गाठीचा दोर कुठं अडकला, की तोच माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. एनडीआरएफचे जवान शिकून, लाइफ जॅकेट घालून उतरतात. तू कोणाला विचारून उतरलास?

मदतीला जाऊ नको असं कोणत्या तोंडानं सांगू? परवा भूकंपाला 32 वर्षं होतील. अनंत चतुर्दशीची रात्र सरताना, 3 वाजून 56 मिनिटांनी, आपलं माळवदही हललं होतं. मी 22 वर्षांचा. तिसऱ्या दिवशी भाकरीची गाठोडी घेऊन ट्रकनं सास्तूरला गेलो. पाऊस लागलेला. दगडमातीच्या भिंती, त्यावर माळवदाची माती, त्याखाली माणसं. रस्त्याकडेला देणगीच्या साड्या चिखलात तुडवल्या जात होत्या. एक म्हातारी म्हणाली, "लुगडी लई झाली लेकरा, पाणी कशात आणू? पुन्हा येताना एक घागर आण." आणतो म्हणालो. गेलोच नाही. नंतर उमरग्याला कितीदा गेलो, पण सास्तूरकडं वळायचा धीर झाला नाही.

म्हणून सांगतो, पाणी ओसरल्यावर थांब. ट्रक परत जातात तेव्हाच माणसं एकटी पडतात. रानं खरवडून गेलीत, सोयाबीन शेंगेतच उगवलंय. पंचनाम्याला सातबारा, पासबुक लागतं, ते भिजून लगदा झालेलं. तुझं अक्षर मोत्यासारखं, कुणाच्याही ओसरीवर बसून अर्ज लिहून दे. गाळात अनवाणी हिंडू नको, लेप्टोचा ताप येतो. आणि पाण्यात उतरू नको रे.

रागानं लिहिलंय, मनाला लावून घेऊ नको. वीज कडाडली की माझ्या घोंगडीत शिरायचास, तोच अजून डोळ्यांपुढं आहेस.

दसऱ्याला ये. परळीहून गाडी धरलीस की कळव, स्टेशनवर येतो. स्टीलच्या दोन घागरी आणून ठेवल्यात. जाताना घेऊन जा. जागा असेल तर मीही येईन तुझ्याबरोबर.

तुझा,
मामा