उतारशाळेनंतर

शास्त्रभाग : लूक 10:25-37

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला तोंडपाठ आहे. लुटलेला मनुष्य, बाजूने निघून गेलेले याजक व लेवी, जखमांवर तेल आणि द्राक्षारस. उपदेश बहुधा इथेच थांबतो. पण 35 वे वचन सावकाश वाचा. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या माणसाजवळ दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे देतो, आणि जास्त लागले तर परतीच्या वेळी फेडीन असे कबूल करतो. म्हणजे परत येण्याचे त्याने आधीच ठरवले आहे.

हे वचन मला धडगाव भागातल्या एका पाड्यावर टोचले. सातव्या महिन्यात जन्मलेले एक बाळ रुग्णालयाच्या नवजात कक्षातून वाचून घरी आले होते. आम्ही टोपडे, स्वेटर नेले, उपकारस्तुती केली. डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख होती. ती कोणी वाचली नाही, मीही नाही. दिवाळीनंतर आईबाप बाळाला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेले. परतल्यावर आजीच्या लक्षात आले की, बाळ दिव्याकडे बघत नाही. तोवर उपचाराची वेळ निघून गेली होती.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो. वरून डोळा अगदी चांगला दिसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी 30 दिवसांच्या आत व्हावी लागते, फारच लहान बाळाची त्याहून लवकर. एकदा दाखवून भागत नाही. डॉक्टर सांगतील तोवर जावे लागते. लेसर लागला तर दोन-तीन दिवसांत करावा लागतो. ‘पेरणी झाल्यावर जाऊ’ इथे चालत नाही.

कानांची तपासणीही राहू देऊ नये. वाढ पाहताना वय दुरुस्त करून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेले मूल सहा महिन्यांचे झाले, तर मान धरणे, बसणे याबाबत ते चार महिन्यांचे समजायचे. साधारण दोन वर्षांपर्यंत असे मोजतात. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच, त्यात वजाबाकी नाही. (ही गल्लत आमच्या स्वयंसेवकांकडूनही होते.) दुरुस्त वयानेही मूल मागे असेल, पाय ताठ ठेवत असेल, तर ‘सातव्याचे आहे, होईल हळूहळू’ म्हणून वाट पाहू नका. आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे. अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात.

शाळेत गेल्यावर काहींना गणित किंवा एका जागी लक्ष देणे जड जाते. त्याला मठ्ठ म्हणण्याआधी शिक्षकांना जन्माची हकिगत सांगावी. मोठेपणी रक्तदाब वाढण्याचा आणि दम लागण्याचा धोका इतरांपेक्षा काहीसा अधिक असतो, तेव्हा प्रौढ माणसानेही डॉक्टरांना ‘मी वेळेआधी जन्मलो’ हे सांगावे. आपल्या मंडळीतही असे काही जण असतील. घरी आईला विचारून पाहा.

आता आमच्या महिला मंडळाच्या वहीत अशा प्रत्येक बाळाच्या नावापुढे तीन रकाने आहेत : जन्मतारीख, अपेक्षित तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख. मुकादमाचा फोन नंबरही लिहून घेतो. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोयत्याबरोबर न्यायला सांगतो. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यासाठी मंडळीच्या दानातून वेगळी रक्कम ठेवली आहे. स्वेटरपेक्षा तीच जास्त लागते.

चर्चेसाठी : आपल्या गावात या वर्षी वेळेआधी जन्मलेली बाळे कोणती? त्यांपैकी कोणाचे कार्ड आपण स्वतः वाचले आहे?