व्हॅक्यूम क्लीनरचा स्विच बदलणं: काम छोटं, पण धंद्याचे धडे मोठे

दिवाळीची साफसफाई जवळ आली की माळ्यावरचे व्हॅक्यूम क्लीनर खाली येतात आणि त्यातले बरेचसे रिपेअरिंगच्या दुकानात पोचतात. तक्रार ठरलेली असते, "बटण दाबलं तरी चालूच होत नाही." व्हिडिओत काम करून दाखवलंच आहे. इथे क्रम आणि हिशोब नीट लिहून देतो, म्हणजे काउंटरवर उपयोगी पडेल.

१. आधी विचारा, मग उघडा

मशीन कंपनीच्या वॉरंटीत आहे का? असेल तर उघडू नका, ग्राहकाला सर्व्हिस सेंटरला पाठवा. त्या दिवशीचे पैसे जातील, पण माणूस तुमच्यावर विश्वास ठेवेल.

मग विचारा, बंद कसं पडलं? चालता चालता गरम होऊन थांबलं असेल, तर थर्मल कट-आउटने मोटर बंद केलेली असू शकते. पिशवी आणि फिल्टर साफ करा, पाऊण तास थंड होऊ द्या, मग लावून बघा. बटण हलवल्यावर मधूनच चालू होत असेल, दाबल्यावर अडकत नसेल किंवा बटणापाशी जळका वास येत असेल, तर संशय स्विचवर.

२. न उघडता तपासणी

प्लग सॉकेटमधून काढा. मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवून प्रोब प्लगच्या दोन पिनांना लावा आणि मशीनचं बटण चालू करा. साध्या मॉडेलमध्ये काही ओहम रीडिंग आलं, तर वायर, स्विच आणि मोटर अशी अख्खी लाइन जोडलेली आहे. काहीच आलं नाही तर लाइन कुठेतरी तुटली आहे. तो स्विच असेल, वायर असेल किंवा घासलेले कार्बन ब्रशसुद्धा असतील. स्पीड कमी-जास्त करायचं बटण असलेल्या मॉडेलमध्ये आत सर्किट असतं, तिथे या रीडिंगवर भरवसा ठेवू नका.

३. उघडून तपासणी

प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. आत कपॅसिटर असतो, म्हणून पाच मिनिटं थांबा आणि हात लावण्याआधी मीटरने व्होल्टेज बघा. वायर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या.

स्विचच्या वायर सोडवून कंटिन्युइटी बघा. चालू स्थितीत मीटर वाजायला हवा आणि रीडिंग जवळपास शून्य हवं. बंद स्थितीत काहीच नको. दहा वेळा दाबून बघा, कारण खराब स्विच एखाद वेळी बरोबर वागतो.

४. नवा स्विच निवडताना

१४०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर करंट घेतं आणि चालू होताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. त्यामुळे भोकात बसतो म्हणून कुठलाही स्विच लावायचा नाही. काही स्विचवर १०(४) असं लिहिलेलं असतं. कंसातला आकडा मोटरच्या लोडसाठी असतो. नव्या स्विचचे दोन्ही आकडे जुन्यापेक्षा कमी नकोत. पिनांची संख्याही तीच हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुना स्विच का जळला? वायरचं थिंबल ढिलं असेल तर तिथे उष्णता होते आणि प्लास्टिक वितळतं. काळं पडलेलं थिंबल तसंच ठेवून नवा स्विच लावलात, तर तोही जळणार. थिंबल कापून नवीन क्रिंप करा. आत धूळ साचली असेल तर ब्रशने आणि ब्लोअरने काढा.

बंद केल्यावर पहिली चाचणी सिरीज बोर्डवर घ्या. कुठे शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटेल आणि फ्यूज वाचेल. मग थेट सप्लायवर पाच मिनिटं चालवा आणि बटण पंधरा-वीस वेळा चालू-बंद करा.

५. हिशोब

समजा स्विच ८० रुपयांचा, थिंबल आणि आणायचा खर्च २० रुपये. काम पाऊण तासाचं आणि तासाचा दर तुम्ही ३०० धरलात, तर मजुरी २२५. झाले ३२५. काही कामं परत येतात, त्यासाठी ३५ धरा. बिल ३६०.

ग्राहक म्हणेल, "ऐंशीच्या बटणाचे एवढे?" चिडू नका. जळका स्विच आणि काळं थिंबल त्याच्या हातात द्या, कारण समजावून सांगा. आणि तपासणीचे पैसे मशीन घेतानाच सांगा, नंतर नाही. मशीन परत आलं तर पाऊण तास फुकट जातो, म्हणजे २२५ रुपये तुमच्या खिशातून. म्हणून थिंबलवरची पाच मिनिटं वाचवू नका.

६. एका गोष्टीला "नाही" म्हणायचं

"स्विच मिळत नसेल तर वायर डायरेक्ट जोडून द्या, प्लगवरूनच चालू-बंद करू," असं कुणी म्हणेल. करायचं नाही. घरात लहान मूल असेल, कामाला येणाऱ्या मावशी असतील, त्यांना हे माहीत नसतं. प्लग लावला की मशीन सुटणार आणि सॉकेटमध्ये ठिणगी पडणार. पन्नास रुपयांसाठी कुणाचा जीव धोक्यात घालू नका. दोन दिवस थांबायला सांगा, योग्य स्विच मागवा.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातलं एखादं जुनं, बंद पडलेलं मशीन घ्या, वरचा क्रम पाळून दोष शोधा आणि लागलेला वेळ वहीत लिहा. त्या वेळेवरूनच तुमचा दर ठरणार आहे. दोष काय निघाला ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!