सायकल घाटाला विचारून घ्या

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्या रस्त्यावर पहाटे मूर्तिजापूरपर्यंत जाऊन यायचं, एवढंच डोळ्यांपुढे ठेवून मी रोड बाइक घेतली. पुढे ५३ आणि ३९ दात्यांच्या चकत्या, मागे ११ ते २५ दात्यांच्या चकत्यांची कॅसेट. शर्यतीची जोडणी. सपाटीवर ती सुसाट पळाली आणि आपली निवड बरोबर असल्याची माझी खात्री पटली.

डिसेंबरात चिखलदऱ्याला निघालो. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर, चिखलदरा ११०० च्या आसपास; त्यातली जवळपास सगळी चढाई परतवाड्याच्या पुढे. उभ्या चढावर वेग ताशी सात किलोमीटरवर आला. सगळ्यात हलक्या गिअरलाही पायडलचे मिनिटाला जेमतेम ३५ फेरे पडत होते. हट्टाने रेटत वर पोचलो. पुढचा दीड महिना जिना उतरताना गुडघ्यात कळ येत होती.

हिशेब आधीच करता आला असता. पुढच्या लहान चकतीचे दाते मागच्या मोठ्या चकतीच्या दात्यांनी भागा. ३९ भागिले २५ म्हणजे १.५६, पायडलच्या एका फेऱ्यात चाक दीड फेऱ्याहून जास्त फिरवायचं. ३४ भागिले ३२ म्हणजे १.०६, त्याच वेगाला ५२ फेरे पडतात आणि गुडघ्यावरचा ताण तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. घाट चढायचा असेल तर हा आकडा एकाच्या जवळ हवा.

दुसरी चूक दुरुस्तीची. मागे ३२ ची कॅसेट स्वतःच बसवली. चेन आणि गिअर बदलणारा मागचा डिरेलर जुनाच ठेवला. वलगावजवळ दोन्हीकडच्या मोठ्या चकत्यांवर चेन गेली, ताणली, आणि डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा हँगर वाकून डिरेलर स्पोकमध्ये शिरला. सायकल मालवाहू ऑटोतून घरी आणली. मिस्त्रीकाकांनी एकच विचारलं, “चकती मोठी केली, मंग चेन कायले तेवढीच ठेवली भाऊ?” मोठ्या कॅसेटला लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि मापात लांब केलेली चेन लागते. पुढे ३४ ची चकती हवी, तर जुन्या पाच बोल्टांच्या ३९ च्या क्रँकवर ती बहुधा बसतच नाही. क्रँकच बदलावा लागतो. म्हणून ५०/३४ ची जोडणी खरेदीच्या वेळीच मागून घ्या. हँगरचा आकार फ्रेमगणिक वेगळा असतो. आपल्या फ्रेमचा एक जादा घेऊन ठेवा.

फ्रेम निवडताना आधी माप बघा, मग ती कशाची आहे ते. कार्बन हलका खरा, पण तडा गेला तर गावात जोडून मिळत नाही. रोजच्या वापराला ॲल्युमिनियम किंवा स्टील बरं. फ्रेम आणि टायरमध्ये बोट जाईल एवढी फट हवी. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर येते आणि ब्रेकखाली लिंपून बसते. २८ मिलिमीटरचे टायर बसतील अशीच फ्रेम घ्या. बाभळीच्या काट्याने पंक्चर झालं, तर नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपून काटा काढा, नाहीतर तीही जाते.

चेन महिन्यातून एकदा पट्टीने मोजा. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्यात एक सोळांश इंच वाढ दिसली की चेन बदला. एक अष्टमांश होऊ दिली तर कॅसेटही जाते. तेल घालण्याआधी जुनी धूळ पुसा आणि वरचं तेल कापडाने टिपून घ्या, नाहीतर उन्हाळ्यातली धूळ त्यात मिसळून चेन घासत राहते.

आता माझ्या सायकलला ३४ आणि ३२ आहे. मूर्तिजापूरला पोचायला थोडा वेळ जास्त लागतो. चिखलदऱ्याला मात्र मी सोबत्याशी बोलत चढतो.