डॉ. चार्ल्स मोरहेड : रुग्णशय्येजवळचा गुरू

मोठेपणी कोण होणार असे विचारताच आमच्या वर्गातील कितीतरी हात ‘डॉक्टर’ म्हणून वर होतात, आणि पालकांचीही बहुधा हीच मनीषा असते. परंतु डॉक्टर घडतो कसा, हे सहसा कोणी विचारीत नाही. पश्चिम हिंदुस्थानात ज्यांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले, त्या स्कॉटिश वैद्याचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

चार्ल्स मोरहेड यांचा जन्म १८०७ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे अध्ययन करून ते पॅरिसला लुई या नामांकित वैद्यांकडे शिकले. अमुक उपायाने गुण येतो असे मोघम बोलू नये, किती रुग्णांस आला ते मोजून सांगावे, असा या गुरूंचा कटाक्ष होता. तोच संस्कार घेऊन मोरहेड १८२९ साली मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय खात्यात रुजू झाले.

मुंबईत १८२६ साली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा निघाली होती. ती १८३२ साली बंद पडली. शाळा बुडाली की दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे फार सोपे असते. तथापि येथील तरुणांस हे शास्त्र साध्य होईल, या विषयी गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट व मोरहेड हे दोघेही आशावादी होते. ग्रँट १८३८ साली निवर्तले. त्यांच्या स्मारकार्थ उभारलेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली भायखळ्यास सुरू झाले, आणि मोरहेड त्याचे पहिले प्राचार्य झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या औदार्याने उभे राहिलेले रुग्णालयही त्याच वर्षी शेजारीच उघडले. हा शेजार फार महत्त्वाचा होय. सकाळी ग्रंथात वाचलेला ज्वर विद्यार्थ्याने रुग्णाच्या खाटेशी उभे राहून पाहावा, नाडी मोजावी, दिवसागणिक टिपण ठेवावे, आणि मगच मत द्यावे, ही ती शिक्षणपद्धती. मोरहेड स्वतःही तसेच करीत. वर्षानुवर्षांच्या अशा निरीक्षणांतूनच हिंदुस्थानातील रोगांविषयीचा त्यांचा ग्रंथ १८५६ साली प्रसिद्ध झाला.

१८५१ साली या कॉलेजातून पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, तसेच पुढे १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉ. आत्माराम पांडुरंगही होते. भाऊ दाजींनी गोरगरिबांस मोफत औषधे दिली व महारोगावर उपाय शोधण्यात आयुष्याची अनेक वर्षे वेचली. येथील तरुणांविषयी शंका घेणाऱ्यांस याहून निराळे उत्तर देण्याचे कारण उरले नाही. मोरहेड १८६२ साली सेवानिवृत्त झाले व १८८२ साली इंग्लंडात निधन पावले.

त्या काळी आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि मुंबई येथून फार दूर होती. आज आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालय आहे. मार्ग जवळ आला खरा. पण पाठांतराच्या बळावर तो चालता येईल काय? आम्ही शिक्षकही या बाबतीत निर्दोष नाही. घडाघडा उत्तर म्हणणाऱ्यास आम्ही शाबासकी दिली, आणि ‘असे का?’ म्हणून विचारणाऱ्यास वेळ नाही म्हणून पुष्कळदा खाली बसविले. पालकहो, मुलाने घरी असा प्रश्न विचारला तर त्यास गप्प करू नका. आम्हीही यापुढे करणार नाही. उद्याचा वैद्य त्या प्रश्नातच असेल.